दिवा बदलून पाहिला

"आम्ही आधी दिवा बदलून पाहिला हो," त्या काकू काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या. नारायण पेठेतली छोटीशी लॅब, सकाळचे साडेसात. बाहेर मांडवाचे वासे घेऊन आलेला टेम्पो अरुंद गल्लीत मागे-पुढे करतोय आणि आत सात-आठ माणसं उपाशीपोटी, एकमेकांची नजर चुकवत बसलेली. काका कोपऱ्यातल्या खुर्चीत, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी पाण्याची बाटली. फॉर्म भरता भरता मुलीनं विचारलं होतं, पिवळं कधीपासून दिसतंय? "शनिवारी रात्री मला वाटलं. तर हे म्हणाले, अगं तो दिवा पिवळा आहे. म्हणून रविवारी पांढरा आणून लावला." काका भिंतीवरचं दरपत्रक वाचत पुटपुटले, "पिवळाच होता तो." मुलगी हसली नाही, हे विशेष. तिनं फॉर्मवर लिहिलं, शनिवार.

ऐकताना गंमत वाटली, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण काकांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. झोपायच्या खोलीत हल्ली ते उबदार रंगाचे दिवे असतात, त्यांच्या उजेडात कावीळ झालेला आणि न झालेला सारखेच दिसतात. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा तो पिवळा रंग, एरवी डेसिलिटरमागे १.२ मिलिग्रॅमच्या आत असतं. डोळ्यांत पिवळेपणा दिसायला ते अडीच-तीनच्या घरात जावं लागतं, आणि तोही दिसतो तो दिवसाच्या उजेडात. डोळ्याच्या पांढऱ्या भागात इलॅस्टिन नावाचं प्रथिन भरपूर असतं, बिलिरुबिन त्याला धरून बसतं, म्हणून कातडीच्या आधी डोळा बोलतो. बघायची पद्धतही ठरलेली आहे. माणसाला खिडकीशी उभं करायचं, स्वतःच्या पायांकडे बघायला सांगायचं आणि अंगठ्यानं वरची पापणी उचलायची. एरवी झाकलेला तो वरचा पांढरा भाग खरं सांगतो. बुबुळाच्या शेजारी वयानं, उन्हानं, धुळीनं आलेला पिवळट उंचवटा वेगळा, तो एकाच जागी असतो. आणि महिनाभर रोज गाजराचा रस पिणाऱ्याचे तळहात केशरी होतात, पण डोळे पांढरेच राहतात.

आपल्याकडे म्हणतात, कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं. टोमणा म्हणून उत्तम आहे, पण प्रत्यक्षात तसं होत नाही. कावीळ झालेल्याला भिंत पांढरी आणि दूध पांढरंच दिसतं. स्वतःचे डोळे तो बघतो बाथरूमच्या आरशात, तोंडात ब्रश, अर्धवट झोपेत, आणि त्याच पिवळ्या दिव्याखाली.

कावीळ दिसते ती समोर बसून चहा पिणाऱ्याला.

म्हणूनच डॉक्टर पेशंटला विचारत असले तरी उत्तरं शेजारच्या खुर्चीतून येतात. पिवळेपणाच्या आधीचे चार-सहा दिवस जोडीदाराच्या लक्षात असतात, फक्त त्यांचा अर्थ तेव्हा लागलेला नसतो. फोडणीचा वास आला की उठून गॅलरीत जाणं. सकाळचा चहा अर्धा टाकून देणं. सिगारेट ओढणाऱ्याला अचानक सिगारेटच नकोशी होणं, ज्याचा घरात चक्क आनंद साजरा होतो. अंगात कणकण, उजव्या बरगडीखाली जडपणा. याला आपण "पित्त झालंय" म्हणतो आणि कोकम सरबतावर भागवतो. मग डॉक्टर दोन प्रश्न विचारतात आणि तिथे तीस वर्षांचे संसार गप्प होतात: लघवीचा रंग कसा आहे, शौचाचा रंग कसा आहे? एकमेकांचा रक्तगट, पगार, पासवर्ड माहीत असतात, हे नसतं. काकांनी तरी कुणाला सांगितलं असतं? फ्लश केलं, संपलं.

पण कोडं सुटतं ते तिथेच. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की हिमोग्लोबिनमधून बिलिरुबिन निघतं. यकृत त्याला पाण्यात विरघळण्याजोगं करून पित्तातून आतड्यात सोडतं. आतड्यातल्या जिवाणूंच्या हातून त्याचं जे होतं, त्यामुळे शौचाला नेहमीचा तपकिरी रंग येतो. वाट मध्येच अडली, म्हणजे पित्ताच्या नळीत खडा अडकला किंवा बाहेरून गाठीचा दाब आला, तर रंग आतड्यात पोचतच नाही. शौचाला शाडूच्या मातीसारखी होते (गणपतीच्या दिवसांत ही उपमा द्यायला जीभ अडखळते, पण याहून अचूक दुसरी नाही). तो रंग मग लघवीतून बाहेर पडतो, लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते आणि अंगाला खाज सुटते. यकृतालाच सूज असेल तरी लघवी गडद होते. शौचाचा रंग तेव्हा काही दिवस फिका पडू शकतो, पण सहसा सलग शाडू होत नाही. आणि पेशीच जास्त फुटत असतील तर डोळे पिवळे, चेहरा पांढराफटक, पण लघवीत बिलिरुबिन उतरत नाही. त्या तऱ्हेचं बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही.

एक निरुपद्रवी प्रकारही आहे, गिल्बर्ट. यकृतातलं एक एन्झाइम जन्मतः थोडं मंद असतं, एवढंच. कडक उपवास झाला, ताप आला, जागरण झालं की डोळे किंचित पिवळे होतात आणि जेवणखाण सुरळीत झालं की आपोआप निवळतात. श्रावणातल्या उपासांनंतर असं दरवर्षी होणारी माणसं असतात. त्यांचं एसजीपीटी (यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) व्यवस्थित असतं, वाढलेलं असतं ते फक्त इनडायरेक्ट, म्हणजे पाण्यात न विरघळणारं बिलिरुबिन. उलट पन्नाशीपुढच्या माणसाला काहीही न दुखता कावीळ होते, दोन-तीन महिन्यांत पँट ढिली झालेली असते, साखर नव्यानं निघालेली असते, तेव्हा डॉक्टरचा चेहरा बदलतो. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ असेल तर ती अशी गुपचूप येते. "दुखत नाहीये ना, मग बरं" या वाक्यावर म्हणूनच विसंबू नये. आणि पिवळेपणाबरोबर हुडहुडी भरून ताप आणि पोटात उजवीकडे कळ असेल, तर अडलेल्या नळीत जंतू वाढलेले असू शकतात. तिथे उद्या सकाळची वाट बघायची नाही. रात्री अकराला वाटलं तर रात्री अकराला निघायचं.

काकांचं नाव पुकारलं गेलं. आतल्या मुलानं पट्टा बांधला, मूठ आवळायला सांगितली. ट्रेमध्ये तीन नळ्या: निळ्या टोपणाची, पिवळ्या टोपणाची आणि जांभळ्या टोपणाची. पिवळीत लिव्हर फंक्शन आणि विषाणूंच्या तपासण्या, जांभळीत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. निळी मात्र नजर ठेवण्यासारखी. तिच्यात आधीच मोजून सोडियम सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रव्य, घातलेलं असतं, एक भाग ते आणि नऊ भाग रक्त, म्हणून काचेवरच्या रेघेपर्यंत ती भरलीच पाहिजे. शीर दगा देते, रक्त पाऊण नळीवर थांबतं, आणि "चालेल" म्हणून कुणी तशीच पाठवली तर सायट्रेट जास्त होऊन रक्त गोठायला उशीर लागतोय असं खोटंच दिसतं. मग एक घर रात्रभर उगाच जागतं. त्या मुलानं नळी उजेडाकडे धरून रेघ पाहिली, हळूच चार-पाचदा उलटीसुलटी केली. हलवली नाही. जोरात हलवली तर पेशी फुटतात आणि एसजीओटी नावाचं दुसरं एन्झाइम फुगून येतं. बिलिरुबिनचा नमुना उन्हात ठेवायचा नसतो, प्रकाशानं ते घटतं. खिडकीतला ट्रे त्यानं न सांगता आत सरकवला. चांगलं काम करणारी माणसं अशी न सांगता ओळखू येतात.

संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर येतो आणि सगळं घर एकाच आकड्यावर तुटून पडतं. बिलिरुबिन किती? नऊ? बापरे. दोन दिवसांनी बारा, आणखी दोन दिवसांनी दहा, हुश्श. नातेवाइकांच्या ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं. खरं बघायचं असतं ते खालच्या ओळीत, पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा. रक्त गोठवणारे घटक यकृतात बनतात आणि त्यातला सातवा घटक काही तासांतच निम्मा होतो. म्हणजे यकृताचा कारखाना आज चालू आहे का, हे आयएनआर सांगतं. बिलिरुबिन सांगतं ते साठलेल्या मालाचं. हे घटक बनायला के जीवनसत्त्व लागतं, आणि नळी अडली असेल तर ते आतड्यात शोषलं न गेल्यानंही आयएनआर वाढतो. तेव्हा के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासतात. खाली आला तर यकृत शाबूत, न आला तर काळजी यकृताचीच. एसजीपीटीचंही तसंच. तीन हजारांवरून तीनशेवर आलं म्हणजे सुधारलं, असं बहुतेकदा असतं. पण त्याच वेळी आयएनआर आणि बिलिरुबिन चढत असतील तर ते उतरणं वाईट: फुटायला पेशीच उरल्या नाहीत, असा त्याचा अर्थ होऊ शकतो.

आणि एक गोष्ट कुठल्याच नळीत येत नाही. दिवसा पेंगणं आणि रात्री टक्क जागं राहणं. शांत माणसानं भाजीवरून ओरडणं. रोजच्या औषधाच्या डबीचं झाकण उलटं लावत बसणं. सही वाकडी येणं. हात पुढे ताणून, पंजे ट्रॅफिक पोलिसासारखे उभे करायला सांगितले तर ते मध्येच पंख फडफडल्यासारखे पडणं. यकृत जे गाळायचं थांबतं ते मेंदूपर्यंत पोचतंय, याच्या या खुणा. आधी यकृताचा आजार नसलेल्या माणसाला कावीळ होऊन आयएनआर दीडच्या वर गेला आणि त्यात वागण्यात असा फरक पडला, की त्याला डॉक्टर अ‍ॅक्यूट लिव्हर फेल्युअर म्हणतात, म्हणजे यकृत अचानक निकामी होणं. तेव्हा जवळचं हॉस्पिटल शोधण्यापेक्षा यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेलं गाठावं, आणि तेही माणूस उठून चालत जाऊ शकतो तोवर. पुण्यात तशी हॉस्पिटलं आहेत. फोन आधी करावा, १०८ ला किंवा ओळखीच्या डॉक्टरला. बाहेरून आलेल्या डॉक्टरला तो माणूस "जरा चिडका" वाटतो. हा चिडका नाही, हे फक्त बायकोला माहीत असतं. ते तिनं ठासून सांगायला हवं, समोरचा कंटाळला तरी. झोप येत नाही म्हणून घरातली झोपेची गोळी तर अजिबात द्यायची नाही. तीच गोष्ट दुखण्याच्या गोळ्यांची. पॅरासिटामॉल सर्दीच्या तीन वेगवेगळ्या गोळ्यांत तीन नावांनी लपलेलं असतं, हे केमिस्टनं सांगेपर्यंत कळत नाही. डॉक्टरकडे जाताना गेल्या दोन-तीन महिन्यांत पोटात गेलेलं सगळं पिशवीत भरून न्यावं: टीबीच्या गोळ्या, जिममधली पावडर, काढे, सगळं.

काढ्यांचं नाव काढलं की फोन आठवतात. बातमी पसरल्यापासून तासाभरात मावशी, वहिनी, खालच्या मजल्यावरचे जोशीकाका. प्रत्येकाच्या गावाकडे कुणीतरी काविळीचं औषध देतो, पैसे घेत नाही, फक्त नारळ. कुठे गळ्यात काड्यांची माळ घालतात. ती रोज लांब होत जाते आणि गुडघ्यापर्यंत आली की कावीळ उतरली. गाठी सैल मारलेल्या असतात, काड्या सुकून बारीक होतात, गाठी सुटत जातात. निरोग्याच्या गळ्यातही ती लांबच होईल. कुठे चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतात आणि पाणी पिवळं होतं, ते आधी हाताला लावलेल्या सालीच्या रसामुळे. कुठे नाकात कडू फळाच्या रसाचे थेंब सोडतात आणि नाकातून पिवळं पाणी वाहतं. ती नाकाच्या अस्तराची जळजळ. हे सगळं चालतं कारण विषाणूची कावीळ बहुतेकांत चार-सहा आठवड्यांत आपली आपण उतरते. ती उतरत असताना जो हजर असेल त्याला श्रेय.

पण माळेचा सरसकट राग येत नाही. तिनं यकृताचं काही बिघडत नाही आणि घाबरलेल्या घराला रोज बोटांनी मोजायला काहीतरी मिळतं. राग येतो तो माळेपायी गेलेल्या आठवड्याचा, तापल्या सळईच्या डागाचा आणि पोटात जाणाऱ्या गोष्टींचा. कोरोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घराघरांत उकळत होता. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, त्यावर वादही झाला. वाद तज्ज्ञांनी मिटवावा. कावीळ झालेली असताना तो काढा प्यायचा की नाही, याला मात्र वाद मिटायची गरज नाही. उसाच्या रसाची गोष्ट आणखी मजेची. साखर मिळते, मळमळीत पोटात राहतो, इथवर ठीक. पण रस्त्याकडेच्या गाडीवरचा, बर्फ घातलेला रस म्हणजे ज्या वाटेनं आजार आला त्याच वाटेवर पुन्हा उभं राहणं. हळदीचं पथ्य तर निव्वळ रंगावरून आलंय. तेल-तूपही मळमळ होत नसेल तर पूर्ण तोडायचं कारण नाही. मळमळ संध्याकाळी वाढते, म्हणून पोटभर खायचं ते सकाळी. पंधरा दिवस नुसत्या ताकभातावर ठेवलेला माणूस काविळीतून उठतो तो अशक्त होऊन. दारू पूर्ण बंद, यात घासाघीस नाही.

"पण बाहेरचं काही खाल्लंच नाही हो," हे ठरलेलं वाक्य. हिपॅटायटिस ए आणि ई हे पाण्यातून येणारे काविळीचे विषाणू पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते सात-आठ आठवडे जातात. म्हणजे कालची पाणीपुरी निर्दोष आहे. आठवायला हवा दीड महिन्यापूर्वीचा लग्नाचा हॉल, सोसायटीत आलेला टँकर, किंवा टाकी धुतली त्या दिवशी नळाला आलेलं गढूळ पाणी. पुणेकरांना आपल्या धरणाच्या पाण्याचा अभिमान असतो, पण धरण आणि पेला यांच्यामध्ये जुनी पाइपलाइन, शेजारचं ड्रेनेज आणि जमिनीखालची टाकी असते. १९५५-५६ साली दिल्लीत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. यमुनेच्या पुरानंतर सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी आलं होतं, क्लोरिन वाढवलंही होतं. टायफॉइड वाढला नाही, कावीळ मात्र घरोघर गेली. तो विषाणू ए नव्हता आणि बीही नव्हता, हे जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून कित्येक वर्षांनी कळलं. त्यालाच आज ई म्हणतात, आणि त्याच्यावर मोठं काम झालं ते पुण्यातच, १९५२ साली सुरू झालेल्या आपल्या विषाणू संस्थेत. उपाय मात्र आजीचाच: पाणी खळखळ उकळू द्यायचं, मिनिटभर तरी. घरात गरोदर सून किंवा मुलगी असेल तर हे दुप्पट काटेकोर. शेवटच्या तीन महिन्यांत ई जिवावर बेततो.

ताटवाटी वेगळी करायची घाई सगळ्यांनाच असते. शौचानंतर साबणानं हात धुणं त्याहून कितीतरी कामाचं. शिवाय ए असेल तर डोळे पिवळे दिसायच्या आधीच्या आठवड्या-दोन आठवड्यांतच तो सर्वांत जास्त पसरलेला असतो. घरातल्या बाकीच्यांना लस द्यायची ती लवकर, संपर्कापासून दोन आठवड्यांच्या आत. आणि एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बीची तपासणी, पॉझिटिव्ह आलं तर प्रश्न पाण्याचा राहत नाही, रक्ताचा आणि अंथरुणाचा होतो. मग बायकोचीही तपासणी, आणि ती निगेटिव्ह असेल तर शून्य, एक आणि सहा महिन्यांवर लस. हे सांगताना डॉक्टर आवाज खाली आणतात आणि जोडपी एकमेकांकडे बघत नाहीत. बी आईकडून जन्मतःही आलेला असू शकतो, चाळीस वर्षं गप्प बसलेला. हे त्याच श्वासात सांगितलं तर एखादं घर पुढच्या भांडणातून वाचतं.

काका दंडाला कापूस दाबून बाहेर आले. काउंटरवरच्या मुलीनं सोनोग्राफीची चिठ्ठी दिली, साडेनऊची वेळ, तोवर काही खायचं नाही. खाल्लं की पित्ताची पिशवी आकसते आणि आतले खडे नीट दिसत नाहीत. साधं पाणी चालेल.

पायरीवर ऊन आलं होतं. काकूंनी त्यांना दंडाला धरून थांबवलं. "अहो, खाली बघा जरा."

"आता इथे, रस्त्यात?"

"बघा हो."

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. काकूंनी अंगठ्यानं पापणी उचलली, पाहिलं, सोडली. काही बोलल्या नाहीत. बाटलीचं झाकण उघडून पुढे केली. "घ्या. उकळलेलं आहे."

काकांनी दोन घोट घेतले. "तो जुना दिवा टाकला नाहीस ना?"

"नाही. आहे खोक्यात."